एक गाणं जास्त

अक्षतानं कॅसेट-डेकचं मागचं झाकण काढलं, चारही स्क्रू बशीत ठेवले आणि टॉर्च दातांत धरून आत डोकावून पाहिलं. टेप रबरी पट्ट्याभोवती गुंडाळून चांगलीच अडकली होती. चिमट्यानं ती हळूहळू सोडवायला लागली, आणि तिच्या डोक्यावर पोपटचं व्याख्यान चालूच राहिलं.

"डिस्कोत काळा शर्ट पायजे," पोपट सांगत होता. "काळा नसला तर दारावरचा पैलवान आतच घेत नाही. आणि बूट. चप्पल दिसली की सरळ बाहेर."

"तू गेलायस कधी?" अंकुशनं विचारलं.

"मी कशाला जातोय! आमच्या शेटचा भाचा दर शनिवारी जातो मुंबईला. तो सांगतो, आत निळी लाइट असते, तिच्यात माणसाचे फक्त दात दिसतात. तू दात घासून जा बाबा."

पोपट वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर कारकून होता. आठवडाभर कांद्यात बसायचा, रविवारी दोनदा अंघोळ करायचा, आणि तरीही दुकानात आधी वास शिरायचा, मग पोपट. त्याच्याइतकं नाइटलाइफचं ज्ञान अख्ख्या कोपरखैरण्यात कुणाला नव्हतं, आणि रात्री नऊच्या पुढं तो कधी जागा राहिला नव्हता.

"पहाटे चारला नाशकाच्या गाड्या लागतात माझ्या," तो म्हणायचा. "माझी नाइट नऊला खलास. लाइफ तेवढी उरलीय."

दुकान बंडूचं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की बंडू दोन दिवसांत कॅसेट भरून द्यायचा. लोक सिनेमाची गाणी, भजनं, बारशाचे पाळणे भरून न्यायचे. पण बंडूचा मेहुणा जहाजावर होता, आणि तो येताना परदेशातून भलत्याच कॅसेटी आणायचा. त्यांच्यात गाणारा नाही, शब्द नाहीत, नुसता मशीनचा ठेका, आणि त्यावर वेगवेगळे आवाज चढत जायचे. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, बंडूची पिठाची गिरणी चालू झाली. पण अंकुश, पोपट आणि अक्षता, हे तिघं त्या गिरणीपायी चार वर्षं दर रविवारी इथं येऊन बसत होते. कॅसेटींवरची नावं कुठल्या भाषेतली होती देव जाणे. म्हणून यांनीच नावं पाडली होती. पाण्याचा पंप. रिव्हर्स गाडी. आणि सगळ्यांत लाडकं घंटीवालं, ज्यात मधेच सगळा ठेका थांबायचा आणि लांबून एक घंटी वाजत यायची.

अक्षताला हे असलं संगीत का आवडतं ते तिलाही सांगता आलं नसतं. लहानपणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती स्पीकरच्या ट्रकला चिकटून चालायची. छातीत जो दणका बसायचा, तो तिला इथं परत सापडला होता, एवढंच.

"झालं का गं?" अंकुशनं चौथ्यांदा विचारलं. "मला एकदा घंटीवालं ऐकून जायचंय."

"नाही झालं. तू घरी जा, अंघोळ कर, शर्टाला इस्त्री मार. तीनला बसस्टॉपवर भेट."

"आणि तू?"

"मी येते अशीच. घरी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगून आलेय."

"म्हंजे तुमी दोघं आज जोडी!" पोपट खिंकाळला. वाशीतल्या त्या नव्या हॉटेलच्या तळघरात रविवारी दुपारी कॉलेजच्या पोरांसाठी डिस्को चालायचा, आणि तिथं एकट्या मुलाला आत सोडत नसत. सोबत मुलगी हवीच. अंकुशचे कान लाल झाले. तो उठून गेला.

आज सव्वापाचला त्याची परीक्षा होती. तिथल्या डीजेला हाताखाली माणूस हवा होता. अंकुशनं बंडूच्या दोन डेकवर, फिरत्या चकतीला करंगळी टेकवून, दोन वेगळे ठेके एकमेकांत मिसळायला शिकून घेतलं होतं. असलं शिक्षण जगात दुसऱ्या कुणी घेतलं असेल असं वाटत नाही. आणि उद्या सोमवार. उद्या वारसाच्या अर्जाची शेवटची तारीख. अंकुशचे वडील हौसेराव, त्याचे आबा, सव्वीस वर्षं मार्केटात पाठीवर गोणी वाहत होते. आता गुडघे बोलायला लागले होते. हमालांच्या टोळीतली त्यांची जागा पोराला मिळणार होती, अर्जावर त्याची सही तेवढी बाकी होती. अंकुशनं त्यांना सांगितलं होतं, रविवारी तिथं जमलं तर ठीक, नाही जमलं तर सोमवारी सही. हौसेराव म्हणाले होते, "बघ बाबा," आणि गुडघ्याला फडकं बांधत बसले होते.

त्याला जमावं असं अक्षताला फार वाटत होतं. त्याच्याहून जास्त. पण हे ती त्याला कशाला सांगते!

पोपट वडापाव आणायला गेला. टेप सुटली. अक्षतानं स्पिरिटनं आतले भाग पुसले आणि पर्समधून आपली कॅसेट काढली. महाप्याच्या कारखान्यात ती टेपरेकॉर्डरच्या लाइनवर होती. समोर आलेल्या प्रत्येक डेकमधे चाचणीची कॅसेट घालायची, हेडफोनमधे एकच एक लांब शिट्टी येते ती ऐकायची, आणि मोटरचा स्क्रू फिरवत ती शिट्टी बरोबर जागेवर आणायची. मग शिक्का. दिवसाचे आठ तास, चार वर्षं. झोपेतसुद्धा ती शिट्टी कानात असायची. झिजल्यामुळं काढून टाकलेली एक चाचणीची कॅसेट सुपरवायझरनं तिला दिली होती, ती पर्समधे पडलेली असे.

तिनं ती घातली आणि बटण दाबलं. शिट्टी आली, आणि अक्षताचा हात तिथंच थांबला.

शिट्टी चढी होती, म्हणजे मोटर जास्त वेगानं पळत होती. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच. तिनं थांबवून पुन्हा लावली. तेच. मग मोटर पाहिली. स्क्रूच्या डोक्यावर जुन्या नेलपॉलिशचा थेंब होता. कुणीतरी स्क्रू मुद्दाम फिरवून तिथं पक्का केला होता.

"बंडूदादा, हा स्क्रू कुणी फिरवला?"

बंडू काउंटरवर कॅसेटींची कव्हरं कापत होता. त्यानं कात्री खाली ठेवली. त्यानंच फिरवला होता, हे तोंडावरूनच कळलं.

"तुला कलला क?" तो म्हणाला. "आगं, साठच्या कॅसेटीत बारा गानी बसाची. जरा फास चालवला का तेरा बसतात. लोकं खूश. बोलतात, बंडूकडं एक गानं जास्त भेटतं."

"कधीपासून?"

"दुकान लावला तवापासून."

अक्षता स्टुलावर बसली. म्हणजे पाण्याचा पंप तसा नव्हता. रिव्हर्स गाडी तशी नव्हती. घंटीवालं तसं नव्हतंच मुळी. दुसऱ्या डेकवर वाजायच्या त्या कॅसेटीही याच डेकवरून भरलेल्या होत्या. चार वर्षं त्यांनी जे ऐकलं, जे पाठ केलं, अंकुशच्या करंगळीत जे मुरलं, ते सगळं बंडूनं दामटून पळवलेलं होतं. आणि तीन तासांनी तो अशा मशीनसमोर उभा राहणार होता, जिथं खरं वाजणार होतं.

"बंडूदादा, त्याची आज परीक्षा आहे रे!"

"त्याला नको सांगू गं बाय. आज नको. पोराच्या डोक्याचा भुगा होईल. माजी चूक हाय, पन आज नको."

तिला भयंकर राग आला. तिनं नेलपॉलिश खरवडलं, स्क्रू फिरवला, शिट्टी जागेवर आली तसं झाकण लावून टाकलं. चुकलेलं मशीन हातातून सुटू द्यायची तिला सवय नव्हती. पोपट वडापाव घेऊन आला तेव्हा ती चपला घालत होती. तिनं एक घाससुद्धा खाल्ला नाही.

बसमधे अंकुश पुढच्या सीटच्या दांडीवर बोटं वाजवत होता. काळा शर्ट पोपटच्या भाऊजींचा होता आणि खांद्यात सैल. बोटं थांबतच नव्हती. कोणतं गाणं वाजवतोय ते तिला ओळखू येत होतं, आणि तो किती पुढं पळतोय तेही.

"घंटीवालं त्यांच्याकडं असणारच," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या स्पीकरवर कसं वाजेल गं ते? मी तर मरेन."

"अंकुश."

"काय?"

सांगावं तर हा तुटणार. न सांगावं तर हा तोंडावर पडणार. सीवूड्सकडं जाणारी एक बस शेजारून हॉर्न मारत गेली.

"कॉलर नीट कर," ती म्हणाली.

हॉटेलबाहेर कडक ऊन होतं. दारावरच्या पैलवानानं अंकुशकडं पाहिलं, अक्षताकडं पाहिलं, अंकुशच्या बुटांकडं पाहिलं, अक्षताच्या चपलांकडं काणाडोळा केला आणि वाट सोडली. वीस पायऱ्या उतरल्या तशी भर दुपारी रात्र झाली. क्लासला जातो असं सांगून आलेली पोरं-पोरी, दप्तरं एका कोपऱ्यात ढीग करून, नाचत होती. निळा दिवा होता. खरंच दात दिसत होते. पोपटचं हेही खरं निघालं.

डीजेला सगळे राज म्हणायचे. मूळचा राजवर्धन, कोल्हापूरचा. पोरींशी इंग्रजी, मॅनेजरशी हिंदी, आणि वायर निघाली की तोंडातून शुद्ध कोल्हापुरी. त्यानं अंकुशला मशीन दाखवलं. शेजारी शेजारी दोन सीडी प्लेयर, प्रत्येकाला वेग कमी-जास्त करायची एक सरकपट्टी. पट्टीवर लाल रेघ मारलेली होती.

"ह्या रेघंच्या वर जायाचं न्हाई," तो म्हणाला. "पब्लिक दमतंय आन् लवकर घरला जातंय. तासभर ऐक. सव्वापाचला पंधरा मिंटं तुजी."

अक्षतानं त्या पट्टीकडं पाहिलं. मोटरचा स्क्रूच होता तो, फक्त बाहेर, हाताशी काढून ठेवलेला. आणि बंडूचा वेग त्या लाल रेघेच्या कितीतरी वर होता.

ते भिंतीला टेकून उभे राहिले. दोन गाणी ओळखीची नव्हती. तिसरं सुरू झालं आणि अंकुशनं तिचा दंड धरला. घंटीवालं! स्पीकर तिच्या डोक्याएवढे उंच होते, दणका थेट छातीत येत होता. अंकुशचा चेहरा आधी फुलला, मग जरा गोंधळला. बोटं मांडीवर ठेका धरायची आणि पुढं निघून जायची. घंटी यायला हवी होती तेव्हा आलीच नाही. तो वाट पाहत राहिला. मग आली, जाड आवाजात, दमून आल्यागत.

"मशीन स्लो झालंय," तो म्हणाला. "त्याच्या लक्षात नाही आलेलं. मी सांगतो त्याला."

तो निघालाच. अक्षतानं त्याचं मनगट पकडलं.

"मशीन बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? ऐक की! मेलंय ते."

"अंकुश, मशीन बरोबर आहे. बंडूचा डेक फास्ट होता. पहिल्यापासून. तेरा गाणी बसावीत म्हणून त्यानं स्क्रू फिरवला होता. मी दुपारी पाहिलं."

आवाजामुळं हे सगळं तिला त्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. त्यानं मागं सरून तिच्याकडं पाहिलं. निळ्या उजेडात त्याचा चेहरा आता नीट दिसत नव्हता, आणि दात तर नव्हतेच.

"दुपारी," तो म्हणाला. "आणि बसमधे गप्प बसलीस."

"हो."

"चार वर्षं, अक्षता."

"पाऊण तास आहे अजून," ती म्हणाली. "शिकून घे. मी आहे."

त्याचं मनगट तिच्या हातातच होतं. तिनं त्यावर दोन बोटं ठेवली आणि ठेका धरला, जसा होता तसा. त्याचं बोट पुढं पळालं की ती दाबून धरायची. पुन्हा पळालं, पुन्हा दाबलं. आजूबाजूला पोरं उड्या मारत होती, आणि हे दोघं नाडी बघितल्यासारखे भिंतीशी उभे. बऱ्याच वेळानं त्याचं बोट पळायचं थांबलं.

सव्वापाचला तो गेला. अक्षतानं नखं तळव्यात रुतवून घेतली होती. पहिली जोडणी जराशी अडखळली, पण तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नसावी. दुसरी इतकी सफाईनं झाली की एक गाणं कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते नाचणाऱ्यांना कळलंच नाही. तो सरकपट्टी अंगठ्यानं हलवत होता आणि करंगळी सवयीनं उचललेली होती. लाल रेघेच्या वर तो एकदाही गेला नाही. राज हाताची घडी घालून पाहत होता. पंधरा मिनिटं झाली तेव्हा त्यानं अंकुशच्या पाठीत थाप मारली. "हात झ्याक हाय भावा. शनवारपासनं ये."

वर आले तर अजून ऊन होतं. अक्षताला रस्त्यातच नाचावंसं वाटत होतं.

"अरे, झालं की! मिळाली नोकरी! असा काय चालतोयस?"

"मिळाली ना," अंकुश म्हणाला. उसाच्या गाड्यापाशी थांबून तो बुटाची नाडी बांधत बसला. बांधून झाली तरी उठेना. "मला ते आवडलं नाही गं."

"काय?"

"घंटीवालं. खरं घंटीवालं. मला आवडलंच नाही. एवढी चार वर्षं मी म्हणतोय, एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकायचंय. ऐकलं. वाजवलंसुद्धा. हाताखालून गेलं, पण आत काही झालंच नाही."

अक्षताच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचाच राग आला. "मी सांगायलाच नको होतं."

"वेडी आहेस का? नसतं सांगितलंस तर मी त्याच्याशी भांडलो असतो, मशीन बिघडलंय म्हणून. त्यानं लाथ घातली असती आणि उद्या मी आबांच्या जागेवर सही करत असतो." तो उठला. "तुझ्यामुळंच मिळाली."

तेच तर तिला टोचत होतं. नोकरी तिच्यामुळं मिळाली होती, आणि घंटीवालंही तिच्यामुळंच गेलं होतं. बसमधे त्याची बोटं गुडघ्यावर गप्प पडून होती.

दुकानात पोपट तणतणत होता.

"खलास! बंडूचा डेक खलास झाला. काहीही लावा, सगळं जेवून सुस्त पडल्यागत वाजतंय. अक्षता, तू काय केलंस त्याला? आणि तुझं काय झालं रे? घेतलं का?"

"घेतलं."

"घेतलं? आरारारा! डीजे अंकुश!" पोपटनं त्याला मिठीच मारली, कांद्याच्या वासासकट. "आत कसं होतं? दात दिसले?"

"दिसले."

"सांगितलं नव्हतं मी!"

बंडू मात्र काउंटरमागून पुढं आला नाही. कात्री हातात धरून नुसताच उभा राहिला. "अंकुश," तो खाली बघत म्हणाला, "मना माफ कर रे पोरा."

पोपटला काही कळेना. अंकुशनं डेकजवळ जाऊन प्लग काढला, झाकणाचे स्क्रू सोडले आणि अक्षतापुढं हात पसरला. तिनं पर्समधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं प्लग लावला, घंटीवालं सुरू केलं आणि मोटरच्या स्क्रूला पातं टेकवलं. ठेका चढायला लागला. अजून थोडा. पुन्हा जरासा मागं. मग त्याचा हात थांबला.

शिट्टीची कॅसेट लावायची गरजच नव्हती. अक्षताला कळलं, स्क्रू नेमका पूर्वीच्या जागी आला होता, केसभरही इकडं-तिकडं नाही. घंटी वेळेवर आली, बारीक, धावत.

"आलं! आलं लायनीवर!" पोपट ओरडला.

"बंडूदादा, याला हात लावायचा नाही," अंकुश म्हणाला. "नोकरी तिकडं करीन. ऐकायला इथं येईन." मग अक्षताकडं वळून, "आबांना सांगून येतो," आणि तो पळतच गेला. दाराशी काढलेले बूट घालायचं त्याला भान नव्हतं. अनवाणीच गेला.

सोमवारी सकाळी महाप्याला लाइन चालू झाली. अक्षतानं हेडफोन लावला, पहिला डेक पुढं ओढला, चाचणीची कॅसेट घातली. शिट्टी आली. तिनं स्क्रू फिरवून ती जागेवर आणली, रोजच्यासारखी. शिक्का उचलला आणि तशीच थांबली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला ती शिट्टी मेली संथ वाटली.

सुपरवायझर लांब, दुसऱ्या टोकाला होता. तिच्यापुढं लाइनवर तपासणारं कुणी नव्हतं, फक्त खोकी भरणाऱ्या बाया होत्या. तिनं स्क्रू पुन्हा धरला आणि थोडा फिरवला. शिट्टी चढत गेली आणि बंडूच्या दुकानात होती तिथं येऊन थांबली. अक्षता ती जराशी ऐकत बसली. मग झाकण लावलं, 'पास'चा शिक्का मारला आणि डेक पुढं सरकवला.

पुढचा डेक ओढून घेतला. तो मात्र बरोबर लावला.